तापमान लॉगरचा कोड फोडताना: स्टॅटिक-एक्स्टर्नच्या नोंदी

६ जून

हातात आहे एक जुना तापमान लॉगर, म्हणजे तापमानाच्या नोंदी ठेवणारं छोटं यंत्र. एटीमेगा ३२८पी चिप, एक थर्मिस्टर (तापमानाचा सेन्सर), १२८ गुणिले ६४ चा छोटा डिस्प्ले आणि एक मेमरी कार्ड. कार्डवर फाइलसिस्टिम नाही, ५१२ बाइटचे सेक्टर सरळ एकापाठोपाठ लिहिले जातात. सगळा कोड एकाच फाइलमध्ये, १,८६० ओळी, ४७ ग्लोबल (कुठूनही वापरता येणारी) व्हेरिएबल. दोन वर्षं बिनतक्रार चाललाय. आता दुसरा सेन्सर जोडायचा आहे, पण या फाइलला हात लावायचा धीर होत नाही. म्हणून आधी तिच्या सहा फाइली करायच्या: मुख्य, घड्याळ, सेन्सर, कार्ड, डिस्प्ले, सिरीयल. माझा अंदाज चार संध्याकाळी.

या चिपला फ्लॅश, म्हणजे प्रोग्रॅम साठवायची मेमरी, ३२ केबी असली तरी रॅम फक्त २,०४८ बाइट. त्यामुळे प्रत्येक टप्प्यावर साइझचा आकडा लिहून ठेवणार आहे. आजचा आकडा: डेटा आणि बीएसएस (किंमत देऊन आणि शून्यापासून सुरू होणारी कायमची व्हेरिएबल) मिळून १,१८० बाइट. उरलेले ८६८ स्टॅकला, म्हणजे चालू फंक्शनांच्या तात्पुरत्या जागेला.

जुनी फाइल सी++ म्हणून कंपाइल व्हायची, लिहिलेलं मात्र सगळं सीच होतं. सी म्हणून कंपाइल करताच पहिला दणका. एका फंक्शनच्या आत स्टॅटिक (फंक्शन संपलं तरी किंमत टिकवणारं) व्हेरिएबल होतं आणि त्याची सुरुवातीची किंमत सेन्सर वाचणाऱ्या फंक्शनकडून घेतली होती. सी++ मध्ये हे चालतं, तिथे कंट्रोल पहिल्यांदा त्या ओळीवर आला की फंक्शन बोलावलं जातं. सीमध्ये स्टॅटिकची किंमत मेन सुरू व्हायच्या आधीच फ्लॅशमधून रॅममध्ये कॉपी झालेली असते, तेव्हा ती कॉन्स्टंटच हवी. ‘पहिली वेळ’ असा एक फ्लॅग टाकून भागवलं. वीस मिनिटं.

७ जून

फाइली फोडल्या. सगळी ग्लोबल व्हेरिएबल एका सामाईक हेडरमध्ये (इतर फाइलींत घ्यायच्या फाइलमध्ये) टाकली आणि ते हेडर सहाही फाइलींत घेतलं. कंपाइल झालेल्या फाइली जोडणाऱ्या लिंकरने ‘मल्टिपल डेफिनिशन’चा, म्हणजे एकाच नावाच्या अनेक व्याख्यांच्या तक्रारींचा पाऊस पाडला.

मी म्हटलं, हेडरला गार्ड तर आहे! पण गार्ड एकाच फाइलमध्ये तेच हेडर दोनदा येऊ नये म्हणून असतो. सहा फाइली सहा वेळा स्वतंत्र कंपाइल होतात आणि प्रत्येक वेळी गार्ड कोरा असतो.

यात एक गोम होती, ती तेव्हाच लक्षात यायला हवी होती. एरर फक्त सुरुवातीची किंमत दिलेल्या व्हेरिएबलना आले, बाकीची मुकाट जोडली गेली. माझ्याकडचा या चिपचा एव्हीआर कंपायलर जीसीसी ७ च्या पिढीतला आहे. तो किंमत न दिलेल्या ग्लोबलना ‘कॉमन’ खात्यात टाकतो आणि लिंकर एकाच नावाच्या सगळ्यांची मिळून एक जागा करतो. जीसीसी १० पासून हे डीफॉल्ट बंद आहे. तेच हेडर कार्ड वाचणाऱ्या पीसीवरच्या प्रोग्रॅममध्ये घेतलं, तिथे नवा कंपायलर आहे, आणि तिथे सगळ्यांनाच एरर.

रात्रीचे साडेअकरा वाजले होते. हेडरमधल्या प्रत्येक ओळीआधी स्टॅटिक लावलं. दोन्हीकडचे एरर गायब. समाधानाने झोपले.

या नोंदी वाचून कोणी असंच काम करणार असेल तर इथेच थांबा. पुढचे दोन दिवस मी या एका शब्दापायी घालवले.

९ जून

डिव्हाइस सुरू होतं, तापमान दिसतं, पण स्क्रीनवरचं घड्याळ ००:०० वर ठाम. रेकॉर्ड संख्या कायम शून्य. मधूनच रीस्टार्ट.

काल संपूर्ण संध्याकाळ टायमर इंटरप्टवर (ठरावीक वेळाने चालू काम मधेच थांबवून चालणाऱ्या कोडवर) संशय घेण्यात गेली. इंटरप्टमध्ये एलईडी लुकलुकवून पाहिला. तो सेकंदाला एकदा बरोबर लुकलुकत होता. म्हणजे सेकंद वाढतायत, फक्त डिस्प्लेला दिसत नाहीत.

आज एनएम चालवलं. हे साधन प्रोग्रॅममधली नावं, त्यांचे पत्ते आणि प्रत्येकासमोर एक अक्षर दाखवतं. बीएसएसमधल्या ग्लोबलसमोर मोठं बी येतं, फाइलपुरत्या नावासमोर छोटं बी. माझं सेकंद मोजणारं व्हेरिएबल तीनदा दिसलं, तिन्हीसमोर छोटं बी, तिन्हींचे पत्ते वेगळे. इंटरप्ट वाढवत होता घड्याळाच्या फाइलमधली प्रत, डिस्प्ले वाचत होता स्वतःची. फंक्शनबाहेरच्या स्टॅटिकने व्हेरिएबलच्या आयुष्यात काहीच बदल होत नाही, ते तसंही प्रोग्रॅम संपेपर्यंत राहणारच असतं. बदलते ती ओळख: हे नाव या फाइलच्या उंबऱ्याबाहेर कोणी ओळखायचं नाही. मी प्रत्येक फाइलला वेगळं व्हेरिएबल दिलं आणि वर एरर गेला म्हणून खूश झाले.

रेकॉर्ड संख्येने आणखी चकवलं. तिची डिस्प्लेच्या फाइलमधली प्रत शोधली तर एनएममध्ये ती नव्हतीच. सेकंदांचं व्हेरिएबल व्होलाटाइल (किंमत कधीही बदलू शकते, दर वेळी नव्याने वाच, असं सांगणारा शब्द लावलेलं) होतं म्हणून तगलं. रेकॉर्ड संख्या तशी नव्हती. कंपायलरने पाहिलं की हे स्टॅटिक आहे, या फाइलमध्ये त्यात कोणी काही लिहीत नाही, त्याचा पत्ता कुठे जात नाही. म्हणजे ते कायम शून्यच. त्याने जागाही दिली नाही, थेट शून्य छापलं. त्याच्या बाजूने हिशेब चोख होता.

रीस्टार्टचं कारण साइझच्या आकड्यात सापडलं: १,१८० चे १,८५४ झाले होते. ५१२ बाइटचा कार्ड बफर (लिहायचा डेटा तात्पुरता साठवायची जागा) दोन फाइलींत वापरला जातो म्हणून दोनदा, १२८ बाइटचा सिरीयल बफरही दोनदा, शिवाय किरकोळ ३४. स्टॅकला उरले १९४ बाइट. मजकूर बनवणारं एसएनप्रिंटएफसारखं फंक्शन बोलावलं की स्टॅक खाली उतरत बफरमध्ये घुसायचा.

आकडा मी पहिल्याच दिवशी लिहिला होता. सातला पुन्हा पाहिला असता तर दोन संध्याकाळी वाचल्या असत्या.

१० जून

दुरुस्ती. प्रत्येक व्हेरिएबल ज्याचं त्याच्या फाइलमध्ये एकदाच, काहीही न लावता. हेडरमध्ये फक्त एक्स्टर्न (‘हे दुसरीकडे आहे’ असं सांगणारा शब्द) लावून घोषणा, किंमत न देता. किंमत दिली की एक्स्टर्न असूनही ती व्याख्या होते, कंपायलर वॉर्निंग देतो पण सोडून देतो.

आणि प्रत्येक फाइलने स्वतःचंही हेडर घ्यायचं. मला हे आधी निरर्थक वाटायचं, घड्याळाच्या फाइलला घड्याळाचं हेडर कशाला? फायदा असा की घोषणा आणि व्याख्या कंपायलरसमोर एकत्र येतात आणि प्रकार जुळले नाहीत तर तिथेच एरर मिळतो.

रॅम १,१८४. घड्याळ चालतंय. ४७ ग्लोबलपैकी १९ खरं तर एकेकाच फाइलमध्ये वापरली जात होती, त्यांना त्याच फाइलमध्ये स्टॅटिक केलं. इथे तो शब्द योग्य जागी बसला.

१२ जून

रात्रभर चालू ठेवलं होतं, दुसऱ्या दिवशी नोंदी पाहिल्या. वेळ छान पुढे जातेय, जातेय, आणि मग एकदम शून्यावर. स्क्रीनवरची वेळ मात्र बरोबर होती, फक्त कार्डावरची चुकलेली.

उडी कुठे बसली ते पाहिलं: सुरू केल्यापासून १८ तास १२ मिनिटं १६ सेकंदांनी. म्हणजे ६५,५३६ सेकंद. हा आकडा दिसला की पुढचं शोधायची गरज उरत नाही, कुणीतरी १६ बिटांत मोजतंय.

सेकंदांचं व्हेरिएबल मी दहा तारखेला ३२ बिटांचं केलं होतं. पण मुख्य फाइलमध्ये घाईत स्वतःच्या हाताने लिहिलेली एक एक्स्टर्न ओळ राहून गेली होती, जुन्या १६ बिटांच्या प्रकाराची, आणि त्या फाइलमध्ये घड्याळाचं हेडर घेतलंच नव्हतं. कंपायलर एका वेळी एकच फाइल पाहतो, त्यामुळे त्याला विसंगती दिसत नाही. लिंकर नाव आणि पत्ता जुळवतो, प्रकाराशी त्याला देणंघेणं नाही. या चिपवर खालचे बाइट आधी ठेवले जातात, म्हणून चुकीच्या प्रकाराने वाचूनही खालचे १६ बिट बरोबर मिळत राहिले आणि चूक अठरा तास झाकलेली राहिली. बाइटांचा क्रम उलटा असता तर पहिल्या मिनिटात कळलं असतं.

आता नियम: सी फाइलमध्ये एक्स्टर्न शब्द लिहायचा नाही. तो फक्त हेडरमध्ये. सगळ्या फाइली ग्रेप या शोधसाधनाने तपासल्या, आणखी दोन सापडल्या, सुदैवाने दोन्ही बरोबर प्रकाराच्या. पडताळणीसाठी जुनी चूक मुद्दाम परत घालून लिंकच्या वेळचं ऑप्टिमायझेशन, म्हणजे एलटीओ, चालू करून पाहिलं. त्यात प्रकार जुळत नसल्याची वॉर्निंग आली. म्हणजे हा पर्याय रोज वापरायचा नसला तरी अधूनमधून लावून पाहण्यासारखा आहे.

जाता जाता: ८ बिटांच्या चिपवर ३२ बिटांचं व्हेरिएबल चार तुकड्यांत वाचलं जातं. मधेच इंटरप्ट आला तर अर्धं जुनं, अर्धं नवं. व्होलाटाइलने हे टळत नाही, आणि तो स्टॅटिक-एक्स्टर्नसारखा स्टोरेज क्लासही नाही. वाचताना तेवढ्यापुरते इंटरप्ट बंद केले.

१३ जून

वेळेचा मजकूर करणारं एक छोटं फंक्शन लिहिलं. आत नऊ बाइटचा बफर, आठ अक्षरं आणि शेवटचा शून्य, आणि त्याचा पत्ता परत. स्क्रीनवर कचरा. बफर फंक्शनपुरताच जगणारा, म्हणजे ऑटो. फंक्शन संपलं की त्याची जागा पुढच्याची. कंपायलरने वॉर्निंग दिली होती, पण ती चाळीस ओळींच्या गर्दीत वर सरकून गेली होती. आजपासून वॉर्निंग म्हणजे एरर असा पर्याय लावलाय. तो लावल्यावर जुन्या वॉर्निंग निस्तरण्यात दीड तास गेला.

बफरला स्टॅटिक लावलं. चाललं. पण कार्डावर ‘पासून-पर्यंत’ अशी ओळ लिहिताना हेच फंक्शन एका एसएनप्रिंटएफमध्ये दोनदा बोलावलं होतं, आणि दोन्हीकडे एकच वेळ. बफर एक, पत्ता एक, दुसऱ्या बोलावण्याने पहिलं पुसलं. सीच्या लायब्ररीतलं सीटाइम हे फंक्शन असंच वागतं, आणि ते मी वर्षानुवर्षं वापरत आलेय, तरी पडायची ती पडलेच.

शेवटी बफर बोलावणाऱ्याने द्यायचा, फंक्शनने फक्त भरायचा. हे सुरुवातीलाच करायला हवं होतं.

१४ जून

रजिस्टर हा शब्द (व्हेरिएबल थेट प्रोसेसरच्या रजिस्टरमध्ये ठेव, अशी सूचना) लावून पाहिला, डिस्प्लेवर पिक्सेल पाठवणाऱ्या आतल्या लूपमध्ये. फ्लॅशचा आकडा एका बाइटनेही हलला नाही. मशीन कोड पाहिला, तोही अक्षर न् अक्षर तसाच. एके ठिकाणी त्या व्हेरिएबलचा पत्ता घेतला होता, तिथे मात्र एरर आला. रजिस्टर म्हटल्यावर पत्ता मागायचा नाही, एवढा एक नियम त्याचा अजून जिवंत आहे. काढून टाकलं.

ऑटो कोणी लिहीत नाही कारण तो न लिहिताही असतो. सी २३ मध्ये त्याला प्रकार ओळखून घेण्याचं नवं काम मिळालंय, माझा कंपायलर तिथवर पोचलेला नाही. गंमत म्हणजे व्याकरणात टाइपडेफही (प्रकाराला नवं नाव देणारा शब्द) स्टोरेज क्लासच्याच रांगेत उभा आहे, केवळ मांडणीच्या सोयीसाठी. साठवणुकीशी त्याचा काही संबंध नाही.

१६ जून

फॉन्टचं टेबल वेगळ्या फाइलमध्ये हलवलं. ९५ अक्षरं, प्रत्येकी ५ बाइट. रॅम १,१८४ वरून थेट १,६५९. बरोबर ४७५ ने वाढ.

हलवताना मी ते स्टॅटिक कॉन्स्ट (न बदलणारं) केलं आणि आधी त्याच्यापुढे असलेला प्रॉगमेम हा ‘फ्लॅशमध्ये ठेव’ सांगणारा शब्द अनावश्यक समजून गाळला. कॉन्स्ट आहे म्हणजे फ्लॅशमध्येच राहणार, हा माझा समज एआरएमच्या चिपवर काम केल्यामुळे झाला होता, तिथे तसंच होतं. या चिपवर फ्लॅश आणि रॅमचे पत्ते वेगळ्या दुनियेतले आहेत, फ्लॅश वाचायची सूचनाच वेगळी. म्हणून न सांगता ठेवलेलं कॉन्स्ट सुरुवातीलाच रॅममध्ये कॉपी होतं. स्टॅटिकने आयुष्य आणि ओळख ठरते, कुठल्या मेमरीत बसायचं ते नाही. प्रॉगमेम परत लावलं, १,१८४ वर आले. दहा मिनिटांत सुटलं, कारण या वेळी आकडा लगेच पाहिला होता.

२० जून

आज शहाणपणा अंगाशी आला.

कार्ड बफर ५१२ बाइट कायम अडवून बसतो आणि दहा मिनिटांतून एकदाच लागतो. मग तो लिहिणाऱ्या फंक्शनच्या आत लोकल का नको? केला. रॅमचा आकडा ६७२! इतका सुंदर आकडा या प्रकल्पात पहिल्यांदाच पाहिला. त्या उत्साहात लिहिलेलं परत वाचून ताडून पाहणारं एक फंक्शनही टाकलं, त्यालाही स्वतःचा ५१२ चा लोकल बफर.

दिवसभर चाललं. संध्याकाळी चालू असताना कार्ड काढून पाहिलं आणि डिव्हाइस रीस्टार्ट झालं. पुन्हा काढलं, पुन्हा रीस्टार्ट.

साइझचं साधन स्टॅक मोजत नाही. ते फक्त डेटा आणि बीएसएस सांगतं. लोकल केलेले बफर हिशेबातून गेले, रॅममधून नाही. स्टॅक किती खोल जातो ते पाहण्यासाठी सुरुवातीलाच मोकळी रॅम एकाच ठरावीक बाइटने भरून ठेवली आणि काही वेळाने किती बाइट न पुसलेले राहिलेत ते मोजलं. उरले होते ५२. लिहिणारं फंक्शन त्याच्या बफरसह जिवंत असतानाच ताडणारं फंक्शन त्याच्या बफरसह बोलावलं जात होतं: १,०२४ तिथेच, बाकीचा स्टॅक ३०० च्या घरात. कार्ड काढलं की एररचा मजकूर बनवायला एसएनप्रिंटएफ यायचं आणि त्या ५२ मध्ये ते मावायचं नाही.

बफर परत स्टॅटिक केला, पण या वेळी कार्डच्या फाइलमध्ये आणि फक्त तिथेच. ताडणारं फंक्शन आता बफर न घेता कार्डवरून एकेक बाइट वाचून तुलना करतं. रॅम पुन्हा १,१८४, आणि कार्ड काढल्यावरही ४४४ बाइट न पुसलेले. मोठ्या मशीनवर मी उलटं सांगेन, पण २ केबीत मोठा बफर स्टॅटिकच बरा. तो कंपाइल होतानाच डोळ्यांसमोर येतो. स्टॅकवरचा बफर कार्ड निघेपर्यंत दडून राहतो.

२१ जून

फंक्शन न सांगता एक्स्टर्नच असतात, म्हणजे प्रत्येक फंक्शनचं नाव सगळ्या प्रोग्रॅमला दिसतं. डिस्प्ले आणि सेन्सर दोन्ही फाइलींत रीसेट नावाचं फंक्शन हवं होतं, त्यावरून भांडण झालं. हेडरमध्ये नसलेलं प्रत्येक फंक्शन स्टॅटिक केलं.

दोन अनपेक्षित फायदे. न वापरलेल्या स्टॅटिक फंक्शनबद्दल कंपायलर ओरडतो, तेव्हा तीन मेलेली फंक्शनं सापडली, त्यातलं एक मी गेल्या वर्षी ‘दुरुस्त’ही केलं होतं. आणि फ्लॅश १४,२१२ वरून १३,३८६ वर आली. एकाच ठिकाणी बोलावलेलं स्टॅटिक फंक्शन कंपायलर तिथेच उलगडतो आणि वेगळी प्रत टाकतच नाही. बाहेरून कोणी बोलावेल ही शक्यता राहिली की ती प्रत ठेवावी लागते.

२३ जून

ज्यासाठी हा सगळा खटाटोप केला तो दुसरा सेन्सर जोडला. दोन्ही सेन्सर एकाच खोलीत, शेजारी शेजारी, आकडे जवळपास सारखे. झालं की! मग एकाला बोटांत धरून गरम केलं तर दोघांचं तापमान वाढलं.

सरासरी काढणाऱ्या फंक्शनच्या आत शेवटच्या आठ वाचनांचं स्टॅटिक अ‍ॅरे होतं. फंक्शनच्या आतल्या स्टॅटिकचं नाव त्या फंक्शनपुरतं, पण आयुष्य प्रोग्रॅमभर आणि प्रत एकच, मग कोणीही बोलावो. दोन्ही सेन्सरची वाचनं एकाच अ‍ॅरेत मिसळत होती. वेळेच्या बफरचीच ही चूक, दहा दिवसांनी दुसऱ्या वेषात. आठ वाचनं, एक जागा-क्रमांक आणि एक मोजणी, असं १८ बाइटचं स्ट्रक्चर केलं, प्रत्येक सेन्सरचं आपापलं, आणि फंक्शनला त्याचा पत्ता दिला. रॅम १,२०२.

बोटाने गरम करून पाहिलं नसतं तर हे कळलंच नसतं, म्हणून सांगते: दोन सेन्सरची चाचणी दोन वेगळ्या तापमानांवर घ्या.

२७ जून

तीन दिवस अखंड चालू आहे, ६५,५३६ सेकंदांचा टप्पा तीनदा ओलांडून झाला. ४७ पैकी फाइलीबाहेर दिसणारी ग्लोबल आता नऊच. न पुसलेले बाइट ४२६. चार संध्याकाळींच्या अंदाजाऐवजी कामाचे बारा दिवस लागले, त्यातले निदान चार स्टॅटिक चुकीच्या जागी लावल्याचे.

राहिलेलं काम: त्या नऊपैकी सिरीयल बफर अजून दोन फाइली थेट हाताळतात, तो फंक्शनमागे न्यायचाय. आणि पीसीवरच्या प्रोग्रॅममध्ये ओळी तोडायला एसटीआरटॉक वापरलंय. तेही आपली जागा आतल्या स्टॅटिकमध्ये लक्षात ठेवतं, आणि मी ते एका लूपच्या आत दुसऱ्या लूपमध्ये बोलावलंय. उद्या ते.